बरगडीच्या कूर्चेतून घडणाऱ्या कानासाठी फर्मा कसा छापावा

भोसरीत माझं थ्रीडी प्रिंटिंगचं वर्कशॉप आहे. रोजचं काम गाड्यांच्या सुट्या भागांच्या नमुन्यांचं, पण प्लास्टिक सर्जनकडून मायक्रोशियाचं काम आलं की बाकी सगळं मी बाजूला ठेवते. मायक्रोशियात बाहेरचा कान जन्मतःच अर्धवट असतो किंवा नसतोच. बहुधा एकाच बाजूचा, आणि त्यातही उजवा जास्त. सर्जन मुलाच्या बरगडीची कूर्चा काढून तिच्यातून कानाचा सांगाडा कोरतात आणि कातडीखाली बसवतात. कोरताना समोर नमुना लागतो. त्यासाठी चांगल्या कानावर एक्स-रेची फिल्म धरून कड उतरवून घेण्याची जुनी रीत आहे. तिच्यात लांबी-रुंदी मिळते, चढउतार मिळत नाहीत. ते आपण छापलेल्या फर्म्यातून, म्हणजे कानाच्या थ्रीडी नमुन्यातून, द्यायचे.

आधी स्कॅन. फर्म्यासाठी म्हणून वेगळा सीटी करायला लावू नका, लहान जिवाला उगाच रेडिएशन कशाला? कानाच्या नळीसाठी सीटी आधीच झालेला असेल तर डॉक्टरांकडून त्याच्या फाइली मागा. छेद एक मिलिमीटर किंवा त्याहून पातळ हवेत. उघडल्याबरोबर बघा, डोकं टेकवताना कान दबला आहे का. दबलेला असेल तर ती फाइल सोडून द्या. माझा भरवसा प्रकाशाच्या स्कॅनरवर जास्त आहे. केस घट्ट मागे बांधायचे, मुलाला आईच्या मांडीवर बसवायचं, आणि कानामागची खाचही फिरून टिपायची. मूल हललं तर पुन्हा पहिल्यापासून.

मग चांगल्या कानाची आरशातली प्रतिमा करायची. थ्रीडी स्लायसर आणि ब्लेंडर ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात, तेवढ्यात भागतं. प्रतिमा उलटवली की त्याच क्षणी फाइलच्या नावात ‘उजवा’ किंवा ‘डावा’ लिहा. दोन्ही कान नसलेल्या मुलासाठी आई, वडील किंवा भावंडाचा कान घेता येतो. कोणाचा आणि किती मापाचा, ते सर्जन ठरवतील.

खरी कसोटी मापाची. सांगाड्यावर कातडी चढते आणि तिला जाडी असते, म्हणून फर्मा मूळ कानापेक्षा कडेने दोन-तीन मिलिमीटर आत घ्यावा लागतो. अख्खी फाइल सरसकट टक्क्यांनी लहान करू नका, त्याने खाचाही उथळ होतात. खाचा उलट मूळ कानाहून खोल हव्यात, कारण कातडीखाली त्या बुजल्यासारख्या दिसतात. किती आत आणि किती खोल, हे सर्जनना विचारूनच ठरवा. प्रत्येकाची कोरण्याची पद्धत वेगळी. कानाची पाळी बहुतेक वेळा उरलेल्या मांसल भागातूनच वळवून करतात, तेव्हा ती फर्म्यात हवी का तेही विचारून घ्या.

एक अख्खा फर्मा छापा आणि एक सुट्या भागांचा: पाया, बाहेरची कड, आतली कड. पाया सहसा सहाव्या-सातव्या बरगडीतून आणि बाहेरची कड आठवीतून निघते. हे तुकडे वेगवेगळे कोरून बारीक स्टीलच्या तारेने जोडतात, म्हणून सुटा संच जास्त उपयोगी पडतो. लेयर ०.१ मिलिमीटरचा ठेवा, सपोर्ट, म्हणजे छापताना लागणारे आधार, मागच्या बाजूला. प्रिंटरसाठीच्या एसटीएल फाइलमध्ये मापाचं एकक नसतं, त्यामुळे छापून झाल्यावर उंची-रुंदी व्हर्नियरने मोजा आणि कागदावर लिहून द्या.

साहित्याबद्दल ठाम सांगते. पीएलए हे छपाईचं नेहमीचं प्लास्टिक साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि ऑटोक्लेव्ह, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र, १२१ अंशांवर चालतो. ऑपरेशन थिएटरात जायचा फर्मा सर्जिकल गाइडसाठी असलेल्या, ऑटोक्लेव्ह सोसणाऱ्या रेझिनचाच हवा. धुणं आणि क्युरिंग (प्रकाशाखाली रेझिन पक्कं करणं) कंपनीच्या सूचनेप्रमाणे पूर्ण करा, मग निर्जंतुक करून पुन्हा व्हर्नियर लावा. पीएलएचा फर्मा सरावाला द्या. निवासी डॉक्टर तो समोर ठेवून गाजरावर किंवा साबणावर हात बसवतात.

स्कॅनच्या वेळी एका आजोबांनी विचारलं, “ताई, तुम्ही छापलेलाच कान शिवून टाकता येत नाही का?” मी त्यांना सगळं सांगितलं. अमेरिकेत २०२२ साली एका तरुणीला तिच्याच पेशींपासून छापलेला कान बसवल्याचं जाहीर झालं, पण ती चाचणी होती. आपण छापतो तो नमुना. तो शरीरात जात नाही. घरच्यांना हे पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगा.

फर्मा देताना पिशवीवर बाजू, माप आणि रेझिनचं नाव लिहा. मुलाचं नाव नको, रुग्णालयाने दिलेला क्रमांक पुरे. कान काही महिन्यांनी दुसऱ्या शस्त्रक्रियेत डोक्यापासून वर उचलतात, तोवर मूळ फाइल पुसू नका.