मुंबई ते गोवा शिडाच्या बोटीने: निघण्याआधी नकाशांची तयारी

पावसाळा सरून समुद्र निवळला की मुंबईहून गोव्याकडे शिडाच्या छोट्या बोटी निघू लागतात. डिझेल, पिण्याचं पाणी, लाइफ जॅकेट यांची यादी प्रत्येकाकडे असते. नकाशांचा विषय मात्र 'टॅबलेटवर आहे सगळं' एवढ्यावर आटोपतो. ही तयारी निदान आठवडाभर आधी, बोट धक्क्याला असताना, निवांत बसून करावी असं माझं ठाम मत आहे.

आधी आपल्याकडचा नकाशा रास्टर आहे की व्हेक्टर ते बघून घ्या. रास्टर म्हणजे छापील नकाशाचं हुबेहूब चित्र. नकाशाकाराने जे काढलं ते त्यात कायम दिसतं, पण सॉफ्टवेअरला त्यातलं काहीच कळत नाही, त्यामुळे खडक जवळ आला म्हणून ते तुम्हाला हाक मारणार नाही. व्हेक्टर म्हणजे नोंदींचा साठा. प्रत्येक खडक, बोया (तरंगती खूण), दीपस्तंभ आणि खोलीरेषा (सारख्या खोलीच्या जागा जोडणारी रेषा) यांची वेगळी नोंद असते आणि कोणत्या झूमला काय दाखवायचं ते सॉफ्टवेअर ठरवतं. अधिकृत व्हेक्टर नकाशे बरीच वर्षं एस-५७ या आंतरराष्ट्रीय रचनेत निघत आले आहेत. आपल्या समुद्राचे नकाशे देहरादूनचं राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालय काढतं. त्यांच्या फाइलचं नाव 'आयएन' या अक्षरांनी सुरू होतं आणि लगेच एक आकडा येतो. तो नीट वाचा. १ असेल तर नकाशा अख्ख्या समुद्राच्या आढाव्याचा, ३ असेल तर किनाऱ्यालगतच्या प्रवासाचा, ५ असेल तर बंदरात शिरण्याचा. एखाद्या बंदरासाठी हाताशी फक्त ३ असेल, तर बोटांनी स्क्रीन कितीही ताणली तरी तुमच्याकडे त्या बंदराचा नकाशा नाही.

या ताणण्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण घात इथेच होतो. रास्टर जास्त मोठा केला की रेषा जाड होतात, आकडे फुटतात, आणि आपण मर्यादेपलीकडे गेलो हे डोळ्यांना कळतं. व्हेक्टरमध्ये रेषा कायम धारदार राहते, मूळ मोजणी कितीही ढोबळ असली तरी. उलट बाजूचा धोका त्याहून मोठा. झूम कमी केला की पडद्यावर गर्दी नको म्हणून बारीक गोष्टी गाळल्या जातात, आणि त्यात खडकही जाऊ शकतो. २९ नोव्हेंबर २०१४ च्या रात्री व्हॉल्वो ओशन रेस या जगाला वळसा घालणाऱ्या शर्यतीतली टीम वेस्टास विंड ही शिडाची बोट केपटाऊनहून अबुधाबीकडे येताना मॉरिशसच्या ईशान्येला कार्गाडोस काराहोसच्या प्रवाळ खडपावर चढली. नऊही खलाशी वाचले. नकाशात ते खडप होतं, पण ज्या झूमला मार्ग तपासला गेला तिथे फक्त पाण्याखालचे उंचवटे दिसत होते. म्हणून मार्ग आखून झाला की मुंबई बंदराच्या तोंडापासून मुरगावपर्यंत तो मोठ्या झूमवर, बोटाने सरकवत, पूर्ण बघा. दोन्ही बाजूंना दोन-दोन सागरी मैल बघा, कारण वारा फिरला की तुम्ही आखलेल्या रेषेवर राहणार नाही. कुलाब्याचं प्राँग्ज, खांदेरीचा परिसर, रेवदंड्यासमोरचा चौल कडू, सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीची खडपं, वेंगुर्ल्याचे खडक ही धोक्याच्या जागांची नावं कागदावर लिहून घ्या आणि एकेक पडद्यावर शोधा. एखादं सापडलं नाही तर ते का नाही हे कळेपर्यंत पुढे जाऊ नका. हे काम दोघांनी वेगवेगळं करावं.

मग सुरक्षित खोलीरेषा. बोटीचा पाण्याखालचा भाग अधिक तुमची राखीव खोली असा आकडा तुम्ही भरता. नकाशात नेमकी त्या खोलीची रेषा नसेल, तर नियमानुसार चालणारी प्रणाली त्यापुढची जास्त खोलीची रेषा धरते. ७ मीटर भरलेत आणि नकाशात ५ आणि १० च्याच रेषा असतील, तर १० च्या आतलं पाणी उथळ म्हणून रंगेल. यात काही बिघडलेलं नाही, तेव्हा घाबरून आकडा कमी करू नका.

मोजणी किती विश्वासाची, हेही व्हेक्टर नकाशा सांगतो, पण ती नोंद आपण मुद्दाम चालू केली तर. त्रिकोणात किंवा चौकटीत तारे दिसतात. सहा तारे म्हणजे ए-१ हा सर्वांत वरचा दर्जा, जागेतली चूक फार तर ५ मीटर अधिक खोलीचे ५ टक्के. तीन तारे म्हणजे बराच खालचा सी दर्जा, आणि तिथे ती ५०० मीटरपर्यंत असू शकते. तीन तारे असलेल्या पाण्यात खडकाला शंभर मीटरवरून वळसा घालण्याचा बेत करू नये.

रास्टर वापरणार असाल तर कोपऱ्यातली बारीक टीप वाचा. खोली मीटरमध्ये आहे की वावांमध्ये? एक वाव म्हणजे सहा फूट, आणि गफलत झाली तर हिशेब कुठच्या कुठे जातो. नकाशा जीपीएसच्या डब्ल्यूजीएस-८४ आधारावर, म्हणजे अक्षांश-रेखांश मोजण्याच्या त्याच चौकटीवर, आहे का? जुन्या एव्हरेस्ट आधारावरचा नकाशा तसाच स्कॅन केलेला असेल, तर बोट पडद्यावर काही शे मीटर बाजूला दिसू शकते. धक्क्याला बांधलेली बोट पडद्यावर धक्क्यालाच दिसते का, ते बघणं ही सोपी परीक्षा.

दुरुस्त्या भरा. नकाशातले बदल कळवणाऱ्या भारतीय नाविक सूचना दर पंधरवड्याला निघतात. एस-५७ ची मूळ फाइल '०००' शेपटाची, पुढच्या दुरुस्त्या ००१, ००२ अशा क्रमाने, आणि मधली एक गळली तर पुढची बसत नाही.

बाकीचं झटपट. इंटरनेट बंद करून नकाशे उघडतात का बघा. दुसऱ्या फोनवर तेच नकाशे आणि तोच मार्ग घ्या, आणि त्याचं चार्जिंग वेगळ्या बॅटरीवर ठेवा. किनाऱ्याचा एक छापील नकाशा, पेन्सिल आणि समांतर पट्टी बोटीवर असू द्या.

दोन गोष्टी कुठल्याच फाइलमध्ये मिळणार नाहीत. बाणकोट, दाभोळसारख्या खाड्यांच्या तोंडावरचे वाळूचे दांडे पावसाळ्यात सरकतात, आणि मासेमारीची डोल जाळी बांधायचे खुंट यंदा कुठे आहेत ते तिथल्या तांडेलालाच, म्हणजे मच्छीमार बोटीच्या म्होरक्यालाच, ठाऊक. आत शिरायच्या आधी त्यांना फोन करा, विचारा, आणि सांगितलेली जागा तारखेसकट नकाशावर टिपून ठेवा.