पेरूची जेली घरच्या घरी: एक गोड, एक तिखट

पेरूच्या जेलीला बाहेरचं जिलेटिन, पेक्टिन (फळातला जेली घट्ट धरवणारा पदार्थ) काहीही लागत नाही हे आधी सांगते, कारण पेरूत स्वतःचंच पेक्टिन भरपूर असतं. फक्त पेरू नीट निवडा. पूर्ण पिकलेल्या मऊ पेरूत ते कमी होत जातं, म्हणून गाभुळलेले, दाबल्यावर कडक लागणारे पण वास सुटलेले असे घ्यायचे, हवं तर १ किलोत एखाद-दोन पिकलेले वासासाठी. आपल्याकडे मिळणारा सरदार म्हणजे लखनौ-४९ (ही जात पुण्यात गणेशखिंडीतच निवडली गेली बरं का) मस्त चालतो.

सालीसकट, बियांसकट बारीक फोडी करा, बरंचसं पेक्टिन तिथे असतं, सोलायच्या भानगडीत पडू नका. फोडी बुडतील एवढंच पाणी घालून मंद आचेवर अर्धा तास शिजवा आणि मग स्वच्छ पंचात बांधून रात्रभर टांगून ठेवा. आणि प्लीज, पुरचुंडी पिळायची नाही! कितीही मोह झाला तरी नाही, पिळलं की गर उतरतो आणि जेली गढूळ होते, आणि जेलीची सगळी शान तिच्या आरपार दिसण्यात आहे. उरलेल्या चोथ्यातल्या बिया गाळून काढल्या की बर्फी होते, वाया काही जात नाही.

सकाळी रस मोजा. १ कप रसाला पाऊण कप साखर, आणि २ कपांना एका मोठ्या लिंबाचा रस. लिंबू चवीपुरतं नाहीये हां, आंबटपणा नसेल तर पेक्टिन साखरेबरोबर धरतच नाही. रस उकळला की साखर घाला, विरघळेपर्यंत ढवळा आणि मग आच मोठी करून ढवळणं बंद, वर येणारा फेस तेवढा चमच्याने काढत राहा. पातेलं मोठं घ्या कारण रस उकळताना खूप वर उसळतो, आणि एका वेळी ३-४ कपांच्या वर रस नको, जास्त वेळ आटवत बसलं तर पेक्टिनच मोडतं आणि पाक होऊन बसतो.

झाली कधी समजायची? चमचा बुडवून आडवा धरा. आधी थेंब सुटे सुटे पडतात, मग दोन थेंब कडेला एकत्र येतात आणि पापुद्र्यासारखे एकदम खाली घसरतात, तिथे लगेच गॅस बंद. थर्मामीटर असेल तर १०५ अंश म्हणतात पण ते समुद्रसपाटीचं. पुण्यात, पाचगणीला पाणीच कमी तापमानाला उकळतं, म्हणून आधी साधं पाणी उकळून आकडा बघा आणि त्यावर साधारण ५ अंश धरा. पांढऱ्या पेरूचाही रंग आता छान तांबूस झालेला असेल. उकळून कोरड्या केलेल्या गरम बाटल्यांत गरमच भरा आणि २४ तास हलवू नका. तरीही पातळच राहिली तर परत उकळी आणून थोडी आटवा, बहुतेक वेळा धरते.

आता तिखट, माझी जास्त आवडती. २ कप तोच रस, दीड कप साखर, लिंबाऐवजी पाव कप पांढरं व्हिनेगर, अर्धा चमचा मीठ, २-३ लाल पिकलेल्या ओल्या मिरच्या बिया काढून एकदम बारीक चिरून आणि थोडं किसलेलं आलं. पद्धत सेम, फक्त गॅस बंद केल्यावर ५ मिनिटं थांबून अलगद ढवळून भरायची, गरम गरम लगेच भरली तर मिरचीचे तुकडे सगळे वर तरंगतात आणि खाली नुसती गोड जेली राहते. थालीपिठाबरोबर, चीज टोस्टवर, कोथिंबीर वडीला लावून खा. बाटली उघडली की दोन्ही फ्रीजमध्ये ठेवायच्या आणि चमचा कोरडाच घालायचा.