मयताच्या घरी वचन सांगायचंय? इब्री ९:२७ वर थांबू नका

आमच्याकडं सोलापुरात आता सांत्वनाच्या सभेत तरुण पोरापोरींना बोलायला उभं करतात, कारण पास्टर सगळीकडं पोचू शकत नाहीत, आणि मग रात्री अकराला मेसेज येतो की दादा उद्या बोलायचंय, इब्री ९:२७ घेतलंय (म्हणजे बायबलमधलं इब्री लोकांना लिहिलेलं पत्र, अध्याय ९, ओवी २७), काय बोलू. प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवतो.

पहिली गोष्ट, २७ एकटं घेऊच नका. माणसाला एकदाच मरायचंय आणि मग न्याय, एवढं वाचून बायबल मिटलं तर तुम्ही अर्धंच वाक्य वाचलंत. वाक्य पुढं २८ मध्ये जातं, की तसाच ख्रिस्तही एकदाच अर्पिला गेला, आणि वाट बघणाऱ्यांसाठी तो परत दिसणार आहे. "ज्याअर्थी" म्हणून सुरू झालेलं वाक्य "त्याअर्थी" शिवाय कसं सोडता येईल? पत्र लिहिणाऱ्याला मरणाची भीती घालायची नाहीये हो, त्याला ख्रिस्ताचं अर्पण किती पक्कं आहे हे सांगायचंय आणि मरण त्यानं फक्त तुलनेला घेतलंय. मरण जसं परत परत येत नाही तसं ते अर्पणही परत परत करावं लागत नाही. मूळ ग्रीकमध्ये २६, २७, २८ तिन्ही ओवींत एकच शब्द आहे, हापाक्स, म्हणजे एकदाच. वाचताना तिन्ही ठिकाणी पेन्सिलनं खूण करून ठेवा, तुमचं अर्धं वचन तिथंच तयार होतं.

हे मी शिकलो ते चुकूनच. काही वर्षांपूर्वी विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, एका घरी गेलो होतो, एप्रिलचं ऊन, पत्रा तापलेला, दोन दिवसांपूर्वी काकांना माती दिलेली. मी पाऊण तास न्यायावर बोललो, पुस्तकं उघडली जातील, प्रत्येकाचा हिशोब होईल, सगळं बरोबरच होतं पण २८ वर पोचलोच नाही. संपल्यावर मावशी माझा हात धरून एवढंच म्हणाल्या, "बाळा, मग ह्यांच्यासाठी आता मी काय करायचं राहिलंय ते सांग." शेजारी दहावं तेरावं होताना त्यांनी आयुष्यभर बघितलेलं, त्यांना वाटत होतं आपलंच काहीतरी करायचं राहून गेलंय. त्याचं उत्तर २८ मध्ये होतं आणि मी ते सांगितलंच नव्हतं. म्हणून म्हणतो, सगळी तयारी या एका प्रश्नाला धरून करा.

आता तयारी कशी करायची. आदल्या रात्री जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकाचा १६ वा अध्याय वाचा. प्रायश्चित्ताचा दिवस, सातव्या महिन्याचा दहावा दिवस, वर्षातून फक्त त्या दिवशी प्रमुख याजक, म्हणजे मुख्य पुरोहित, पडद्याच्या आत परमपवित्रस्थानात, देवाच्या मंडपातल्या सगळ्यात आतल्या खोलीत जायचा. भारी वस्त्रं उतरवून साधी तागाची घालायची, आधी स्वतःच्या पापासाठी गोऱ्हा, मग लोकांसाठी दोन बकरे, एकाचं रक्त आत न्यायचं आणि दुसऱ्याच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवून सगळ्यांची पापं कबूल करायची आणि त्याला रानात सोडून द्यायचं. आणि पुढच्या वर्षी परत तेच. इब्री १०:३ म्हणतं की त्यानं दर वर्षी पापांची आठवण तेवढी व्हायची.

हे आपल्या माणसांना कसं समजतं? बचत गटाच्या किंवा फायनान्सच्या हप्त्यावरून. व्याज भरत राहिलं तर घरी कुणी येत नाही, पण मुद्दल तसंच राहतं आणि पुढच्या महिन्यात परत तोच माणूस दारात. ते बकरे म्हणजे व्याज समजा. ख्रिस्तानं मुद्दल फेडलं, नो ड्यूज झालं, कलस्सै २:१४ मध्ये तर आपल्याविरुद्धचा लेख वधस्तंभाला खिळला असंच म्हटलंय. बायका हे एका मिनिटात धरतात, मी बघितलंय.

अजून एक गोष्ट मला फार आवडते. त्या मंडपात, निवासमंडपात, समई होती, मेज होतं, धूपवेदी होती, कराराचा कोश म्हणजे पेटी होती, पण याजकाला बसायला आसन कुठं सांगितलेलं नाही. काम संपायचंच नाही तर बसणार कधी? इब्री १०:११-१२ वाचा, याजक रोज उभा राहून तेच तेच यज्ञ करतो, आणि ख्रिस्त एकच अर्पण करून देवाच्या उजवीकडं बसला. हे सांगताना घाई करू नका, "बसला" म्हणून थोडं थांबा, लोकांना आत घेऊ द्या.

दोन गोष्टी मात्र सांगू नका, कितीही जोरदार वाटल्या तरी. एक, याजकाच्या पायाला दोरी बांधायचे म्हणजे आत मेला तर ओढून काढता यावा, ही गोष्ट बायबलमध्ये नाही, फार नंतरच्या काळातली आहे. दुसरी, वधस्तंभावर येशू बोलला तो "पूर्ण झाले आहे" हा शब्द त्या काळी कर्ज फिटल्याच्या पावतीवर लिहायचे म्हणून सांगतात, त्याचा पुरावा कच्चा आहे. योहान १९:३० मधला शब्द काम पुरं झालं एवढं म्हणतो आणि तेवढं आपल्याला भरपूर आहे. खऱ्या गोष्टीला खोटा टेकू कशाला लावायचा.

न्यायाबद्दल गप्प बसायचं का मग? अजिबात नाही. पण कुणाला ऐकवताय ते बघा. ज्या बाईचे पैसे कुणीतरी बुडवले, जिला नवऱ्यामागं सासरच्यांनी बाहेर काढलं, तिला न्याय होणार हे ऐकून आधार वाटतो, कारण इथं तिचं कुणी ऐकलंच नाही. आणि न्याय कोण करणार तेही सांगा, योहान ५:२२ प्रमाणं तो पुत्राच्या हातात दिलाय, म्हणजे ज्याच्या हाताला खिळ्यांची भोकं आहेत तोच न्यायासनावर. लगेच ५:२४ जोडा, जो विश्वास ठेवतो तो मरणातून जीवनात पार गेलाय.

गेलेला माणूस चर्चला येत नव्हता, पीत होता, असं असेल तर? तो कुठं गेला हे तुम्ही सांगायचं नाही, ना इकडं ना तिकडं. ते आसन तुमचं नाही. येशूच्या शेजारच्या वधस्तंभावरच्या चोराला शेवटच्या तासात सुखलोक मिळालं हे सांगा, आणि जे समोर जिवंत बसलेत त्यांना आजच प्रभूकडं वळा म्हणा, बास.

घरात कॅथलिक पाहुणे असतील तर "ते लोक रोज परत बळी देतात" असलं बोलू नका, ते त्यांची शिकवण तशी मांडत नाहीत, मिस्सामध्ये, म्हणजे त्यांच्या उपासनेत, तेच एक अर्पण समोर येतं असं ते म्हणतात. मरणानंतरच्या शुद्धीबद्दल आपला आणि त्यांचा फरक आहेच, पण तो मयताच्या घरी काढायचा विषय नाही. तसंच हिंदू शेजारी, तेलुगू बोलणारे, कन्नड बोलणारे सगळे सतरंजीवर येऊन बसलेले असतात. पुनर्जन्मावर टीका करत बसू नका, आम्ही असं मानतो की हे आयुष्य एकदाच आहे, असं साधं सांगा. आणि तारण, प्रायश्चित्त हे शब्द वापरले तर लगेच सोप्या भाषेत फोड करा.

दाखला सोलापूरचाच द्या, शास्त्रातच आहे. यशया ३८:१२ मध्ये आजारी हिज्कीया राजा म्हणतो की विणकरासारखं मी माझं आयुष्य गुंडाळलं, तो मला मागावरून कापून काढतो. पावरलूमवर काम केलेला माणूस हे ऐकून मान वर करतो. कापलेली चादर परत मागावर चढत नाही, तपासणीला जाते. एकदाच, आणि मग न्याय. आणि लगेच म्हणा की आपली तपासणी करणाऱ्यानं आपल्या चुकांचं नुकसान आधीच स्वतःच्या अंगावर घेतलंय.

पंधरा मिनिटांत संपवा. रडणाऱ्याला "रडू नका, विश्वास ठेवा" म्हणू नका, आपला मित्र लाजर याच्या कबरेपाशी प्रभू स्वतः रडला. प्रार्थना "त्याला शांती दे" एवढ्यावर ठेवण्यापेक्षा, तू जे केलंस ते पुरेसं आहे म्हणून धन्यवाद द्या, घरातल्या माणसांची नावं घेऊन.

आणि महिन्यानं परत जा, तेव्हा कुणी येत नसतं. मी त्या मावशींकडं परत गेलो तेव्हा त्या सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होत्या. राहिलेलं २८ तेव्हा वाचलं, आणि तुम्ही करायचं काहीच राहिलेलं नाही, त्यानं केलंय, असं सांगितलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, हात चालूच होते. मग म्हणाल्या, "हे कुठं आहे ते लिहून दे, नातीकडून रोज वाचून घेते." कॅलेंडरच्या मागं मोठ्या अक्षरात लिहून दिलं, इब्री ९, ओवी २८.