छोट्या बेटांच्या शेतजमिनीची तुलना करताय? या चुका टाळा

पहिली चूक शब्दातच दडलेली आहे. 'ॲरेबल लँड'ला आपण 'लागवडीयोग्य जमीन' म्हणतो आणि तिथेच फसतो. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या, म्हणजे एफएओच्या, व्याख्येत जमिनीची योग्यता मोजलीच जात नाही. हंगामी पिकांखालचं क्षेत्र, तात्पुरती कुरणं, भाजीपाल्याचे मळे, परसबागा आणि पाच वर्षांहून कमी काळ पड ठेवलेली जमीन, एवढंच त्यात येतं. नारळ, कोको अशी वर्षानुवर्षं उभी राहणारी पिकं वेगळ्या रकान्यात जातात. त्यामुळे प्रशांत महासागरातल्या तुवालू या बेटदेशापुढे शून्य दिसलं की 'तिथे शेतीच नाही' असं लिहून मोकळे होणारे लोक वारंवार भेटतात. अहो, तिथे माड आहेत. शिवाय जमिनीखालचं गोडं पाणी लागेपर्यंत खड्डे खणून लोक पुलाका नावाचा अळूच्या कुळातला कंद पिढ्यान्‌पिढ्या लावत आले आहेत. दोन्ही रकाने शेजारी मांडल्याशिवाय मी एक ओळ लिहीत नाही.

दुसरी चूक मला सर्वांत जास्त छळते: एकूण जमिनीत शेतजमीन किती, या टक्केवारीची तयार फाइल उतरवायची आणि थेट आलेख काढायचा. काही वर्षांपूर्वी एक मसुदा माझ्याकडे तपासायला आला. एका प्रवाळबेटाची शेतजमीन एकाच वर्षात दुप्पट झालेली, आणि त्याचं श्रेय सरकारी योजनेला देणारा अख्खा परिच्छेद तयार! मी चार दिवस त्या योजनेचा माग काढत बसलो. शेवटी हेक्टरचा रकाना उघडला. एकक हजार हेक्टरचं होतं आणि आकडा 1 वरून 2 झाला होता. पूर्णांकात लिहायचं तर 1,490 हेक्टरचा 1 होतो आणि 1,510 चे 2. जेमतेम वीस हेक्टरांनीही एवढी उडी दिसू शकते. तो परिच्छेद छपाईच्या आदल्या दिवशी काढला.

मोठ्या देशात हा फरक कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण तुवालू आहे 26 चौरस किलोमीटर, म्हणजे 2,600 हेक्टर. तिथे हजार हेक्टर म्हणजे 38 टक्के. बर्म्युडात तेच 18.5 टक्क्यांच्या आसपास. भागाकारानंतर दशांशचिन्हापुढे सहा-सहा अंक उमटतात आणि नवख्याला वाटतं, केवढी अचूक मोजणी! म्हणून मी वहीत आधी बेटाचं क्षेत्रफळ लिहितो, शेजारी आकड्यातल्या सर्वांत लहान पायरीचे किती टक्के होतात ते लिहितो, आणि त्याहून लहान चढउताराबद्दल बोलतच नाही.

दहा वर्षं तोच आकडा दिसला तर 'स्थिर' लिहू नका. आकड्याशेजारची खूण बघा: तो अधिकृत आहे की अंदाजाने भरलेला? या खुणेचा रकाना उडवून टाकणाऱ्यांशी माझं कधीच जमलं नाही.

नकाशाही तपासा. अरुबा 1986 मध्ये नेदरलँड्स अँटिलिस या कॅरिबियनमधल्या डच बेटसमूहातून वेगळा झाला आणि 10 ऑक्टोबर 2010 ला तो समूहच विसर्जित झाला. समूहाच्या आकड्यांची जुनी मालिका वेगळ्या झालेल्या बेटाला जोडू नका.

दरडोई आकडा तर दोनदा तपासा. कॅरिबियनमधल्या मॉन्टसेराटवर जुलै 1995 मध्ये सूफ्रिएर हिल्स ज्वालामुखी जागा झाला, राजधानी प्लिमथ राखेखाली गेली, बेटाचा दक्षिण भाग बंद झाला आणि सुमारे दोन तृतीयांश लोक बेट सोडून गेले. छेद, म्हणजे लोकसंख्या, एवढा घटला की दरडोई जमीन चांगली दिसू लागते, शेतं राखेखाली गेली असली तरी.

छेदात भूक्षेत्र असेल तर तेही जागचं हलतं. मालदीवमध्ये हुलहुमालेसाठी 1997 पासून समुद्रात भर घातली गेली. नाउरूत उलट: 21 चौरस किलोमीटरच्या बेटाच्या मधल्या पठारावरून फॉस्फेट उकरून नेलं, मागे चुनखडीचे सुळके उरले, आणि ते सुळके आजही भूक्षेत्रातच धरले जातात.