प्रार्थना कीटकाचा रंग आपल्याला बदलता येतो का? घरी करून पाहा

पावसाळ्यात आमच्या परसातल्या जास्वंदीवर प्रार्थना कीटक सापडतात ते बहुतेक हिरवेगार. दिवाळीनंतर सड्यावरचं, म्हणजे कातळाच्या पठारावरचं, गवत वाळलं की तपकिरी जास्त दिसू लागतात. मग पाळलेल्या कीटकाचा रंग आपण ठरवू शकतो का? थोडाफार कल देता येतो, पण ज्या जातीत हिरवा आणि तपकिरी हे दोन्ही रंग मुळात आहेत, त्याच जातीत.

प्रयोग दसऱ्यानंतर सुरू करा. आषाढ-श्रावणात कोकणात कोरडी बरणी राहतच नाही. कुंपणाच्या काटकीवर वाळलेल्या फेसासारखी अंड्यांची पेटी दिसली तर काटकीसकट आणा. एका पेटीतून शंभराच्या वर पिल्लं निघू शकतात. दहा-बारा ठेवा, बाकीची बागेत सोडा. प्रत्येकाला वेगळी बरणी हवी, नाहीतर ती एकमेकांना खातात. बरणी कीटकाच्या लांबीच्या निदान तिप्पट उंच घ्या आणि तोंडाला मच्छरदाणीचं कापड बांधा.

निम्म्या बरण्यांत हिरवी पानं ठेवून सकाळ-संध्याकाळ पाणी फवारा. उरलेल्यांत वाळकं गवत आणि लख्ख उजेड. थेट ऊन मात्र नको, काच तापते. खाणं दोन्हीकडे सारखंच: आधी पिकल्या केळ्यावरची चिलटं, मग माश्या. औषध फवारलेल्या आंबा-काजूच्या बागेतले किडे चुकूनही घालू नका.

आता खरा भाग. रंग मुख्यतः कात टाकताना बदलतो. त्याआधी काही दिवस कीटक खाणं सोडतो आणि जाळीला उलटा लटकतो. पाठीवरची कात चिरते, आतून फिकट, ओलसर अंग सरकत खाली येतं. रंग नंतर हळूहळू चढतो. त्या वेळी बरणीला हात लावू नका. एकदा मी कोरड्या बरणीत पाणी द्यायचंच थांबवलं होतं. त्यातल्या एकाचा पुढचा पाय कातीत अडकला आणि कायमचा वाकडा झाला. म्हणून कोरड्या बरणीतही रोज दोन थेंब पाणी द्याच. रंगापेक्षा पाय मोलाचा.

आपल्याकडे भाजावळीनंतर, म्हणजे पेरणीआधी शेतात पालापाचोळा जाळल्यावर, जमीन काळी पडते. आफ्रिकेत आणि ऑस्ट्रेलियात वणव्यानंतर अशा जळक्या जमिनीवर काही जातींचे कीटक पुढच्या कातीला काळपट झालेले आढळले आहेत. रंग जमिनीशी जुळला नाही तर त्यांच्या जिवाशीच गाठ असते. 1904 साली सेस्नोला या संशोधकांनी इटलीतला प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात हिरव्या गवतावर बांधलेले हिरवे आणि वाळक्या गवतावरचे तपकिरी कीटक वाचले. उलट बांधलेल्यांतले बहुतेक मेले, त्यांतले पुष्कळ पक्ष्यांनी टिपले.

जोड्या निवडून रंग पक्का करायची आशा मी धरणार नाही. रंगात आनुवंशिकतेचा वाटा आहे, पण हिरव्या जोडीची पिल्लंही कोरड्यात तपकिरी होऊ शकतात. तरी जोडी लावायचीच असेल तर मादीने शेवटची कात टाकून दोन-तीन आठवडे होऊ द्या आणि तिला आधी पोटभर खाऊ घाला, नाहीतर ती नरालाच खाते. पंख फुटल्यावर पुन्हा कात नाही, त्यामुळे रंगही फारसा बदलत नाही.

प्रत्येक कातीनंतर दोन दिवसांनी वहीत रंग लिहा, तोही दिवसाउजेडी. रात्री या कीटकांचे डोळे काळे होतात आणि सकाळी पुन्हा फिकट, त्याला रंगबदल समजू नका.