ओपीजीत जबड्यावर पांढरी कणी दिसली तर

गेल्या पावसाळ्यात कोरेगाव भागातले एक काका अक्कलदाढेसाठी माझ्याकडे ओपीजी, म्हणजे दोन्ही जबडे आणि सगळे दात एकाच चित्रात दाखवणारा एक्स-रे, काढून गेले आणि तिसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात गुंडाळलेली फिल्म घेऊन परत आले. दाढेचं त्यांना काहीच विचारायचं नव्हतं. मुलाने मोबाइलवर चित्र मोठं करून पाहिलं होतं आणि जबड्याच्या मागच्या हाडावरचे चार पांढरे ठिपके त्यांना दाखवले होते. मी म्हटलं, टॉन्सिलमधले खडे आहेत. काका माझ्याकडे बघतच राहिले. "बाई, मुतखडा ठाऊक आहे. घशात खडा कसा होईल?"

होतो, आणि बऱ्याच जणांना होतो. टॉन्सिल वरून दिसतो तसा गुळगुळीत नसतो, त्यात खोल भेगा असतात. त्यांत मेलेल्या पेशी, अन्नाचे बारीक कण, जंतू अडकतात आणि कालांतराने त्यावर कॅल्शियमचे क्षार बसतात. क्षार पुरेसे बसले तरच एक्स-रेत पांढरं दिसतं, मऊ गठ्ठा दिसतच नाही. मुतखड्याशी याचं काही नातं नाही. टोमॅटो आणि पालक खुशाल खा.

किती जणांत सापडतात? मला आवडतो तो आकडा जपानमधला आहे. २०१३ साली तिथे ४८२ जणांचे ओपीजी आणि सीटी स्कॅन शेजारी शेजारी ठेवून पाहिले गेले. ओपीजीत खडे दिसले ७.३ टक्के लोकांत, सीटीत ४६.१ टक्के लोकांत. माणसं तीच, घसे तेच. ओपीजीचं मशीन दाताच्या रांगेवर नेम धरून डोक्याभोवती फिरतं, त्यामुळे रांगेच्या आतलं-बाहेरचं सगळं पुसट होतं आणि बारीक कणी हाडाच्या सावलीत बुडून जाते. म्हणून फिल्मवर खडा दिसला म्हणजे तुमच्यातच काही जगावेगळं निघालं असं समजू नका. तुमचा दिसण्याइतका मोठा होता, एवढंच.

आता फिल्म हातात घ्या. 'आर' किंवा 'एल' ही खूण शोधा. डॉक्टर समोर बसून पाहतात तसं हे चित्र असतं, तुमची उजवी बाजू फिल्मवर डावीकडे. शेवटच्या दाढेच्या मागे जबड्याचं हाड वळून वर कानाकडे जातं. या उभ्या हाडावरून एक काळपट पट्टा तिरपा उतरतो, ती घशातली हवा. हा पट्टा हाडाला ओलांडतो त्या भागात, हाडाच्या मध्यापासून खालच्या कोपऱ्यापर्यंत, टॉन्सिलच्या खड्यांची जागा. बहुतेक वेळा एकटा खडा नसतो. तांदळाची कणी सांडावी तसे तीन-चार ठिपके, कडा धूसर. एखादा ठिपका हाडाची मागची कड ओलांडून बाहेर डोकावत असेल तर फारच बरं, म्हणजे तो हाडात नाही हे तिथेच ठरलं.

दोन्ही बाजूंना दिसले तर जरा थांबा. ओपीजीत भुतं असतात. एका बाजूची दाट वस्तू दुसऱ्या बाजूला थोडी वर, पसरट आणि पुसट अशी पुन्हा उमटते. मी नवीन असताना एका आजींच्या कानातली कुडी काढायची राहिली. त्या कुडीच्या भुताला मी रिपोर्टमध्ये मोठ्या थाटात 'कॅल्सिफिकेशन', म्हणजे कॅल्शियम साठलंय, असं लिहून मोकळी झाले. सरांनी काही न बोलता आजींच्या कानाकडे बोट दाखवलं. तेव्हापासून माझ्याकडे मशीनशेजारी स्टीलची वाटी असते: कुड्या, बुगडी, चमकी, मंगळसूत्र, हलणारी कवळी, सगळं आधी वाटीत. तुमच्या सेंटरवर कोणी सांगितलं नाही तर आपणहून काढा. आणि फिल्मवर दोन्हीकडचे ठिपके सारख्याच उंचीवर, सारखेच ठळक असतील तर खडे खरंच दोन्हीकडे आहेत असं समजायला हरकत नाही. एकीकडचे वर आणि फराटल्यासारखे असतील तर ते बहुधा भूत.

त्याच परिसरात दुसरंही काही पांढरं दिसू शकतं, आणि इथे माणसाला दोन प्रश्न विचारले की निम्मं काम होतं. जेवायला बसल्यावर, विशेषतः लोणचं-चिंच तोंडात गेल्यावर, जबड्याखाली फुगून दुखतं का? मग लाळेच्या ग्रंथीतला खडा मनात आणा. तो बहुतेकदा एकटा आणि कडा रेखीव असलेला असतो. गळ्यात जुनी गाठ आहे का, कधी टीबी झाला होता का? मग जबड्याच्या कोपऱ्याखाली फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा खडबडीत पांढरा डाग कॅल्शियम धरलेल्या गाठीचा असू शकतो. कानाजवळून खाली येणारी लांब सळई असेल तर ती स्टायलॉइड हाडाची, खडा नव्हे.

एक मात्र मी कधीच सोडत नाही. ठिपके जबड्याच्या कोपऱ्याच्या मागे आणि खाली, मानेच्या तिसऱ्या-चौथ्या मणक्याच्या पातळीला, हाडापासून सुटे असतील तर ते मेंदूकडे जाणाऱ्या मानेतल्या रक्तवाहिनीतलं कॅल्शियम असू शकतं. पन्नाशी उलटलेली, बीपी-शुगर, तंबाखू असं असेल तर फिजिशियनला फिल्म दाखवा. दात नंतर बघू.

टॉन्सिलचे खडे आहेत असं ठरलं आणि त्रास काहीच नाही, तर करायचंही काही नाही. नुसते मोजायला सीटी काढू नका, फुकटचं रेडिएशन कशाला? तोंडाला वास येतो, घशात काही अडकल्यासारखं वाटतं, खाकरताना पिवळट कण पडतो आणि चिरडला तर नाक मुरडावं लागतं, अशी तक्रार असेल तर जेवणानंतर जोरात चुळा भरा, कोमट मिठाच्या पाण्याने गुळण्या करा, जीभ घासा. आरशात बघून टाचणी, काडी, केसातली पिन घशात घालू नका. टॉन्सिलला भरपूर रक्तपुरवठा असतो आणि उलटीच्या उबळीत हात कुठे जाईल सांगता येत नाही. खडा मोठा असेल किंवा घसा वारंवार सुजत असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा, ते काढून देतात.

आणि खडा दिसो न दिसो, एकच टॉन्सिल मोठा, न भरणारी जखम, गिळताना दुखून कानात कळ, मानेला गाठ यांपैकी काही असेल तर लगेच दाखवा. मिश्री लावणाऱ्या, तंबाखू मळणाऱ्या माणसांनी तर 'खडाच असेल' म्हणत घरी बसू नये.

काकांना मी टॉर्च मारून घसा पाहिला. खडे दिसले नाहीत. भेगेत खोल असले की दिसत नाहीत, त्यात नवल नाही. दोन्ही टॉन्सिल सारखे होते, जखम नव्हती, तक्रारही नव्हती. फिल्मवर पेन्सिलने गोल करून रिपोर्टमध्ये जागा लिहिली, म्हणजे पुढच्या ओपीजीशी ताडून बघता येईल. काकांनी फिल्म पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळली आणि दारातून वळून विचारलं, "मग दाढेच्या पैशात हेही निघेल का?"