सावित्रीबाईंचा गोतावळा चार्टपेपरवर: इतिहासातल्या माणसांशी मुलांची ओळख कशी करून द्यावी

३ जानेवारीला शाळाशाळांतून सावित्रीबाई फुल्यांच्या फोटोला हार पडतो, पाठ केलेली तीन-चार भाषणं होतात आणि अंगावर शेण फेकल्याचा प्रसंग सांगून कार्यक्रम आटोपतो. मुलांना थोर बाई कळतात, पण एकट्या उभ्या असलेल्या. त्यांना मैत्रीण होती, माहेर होतं, जीव लावणारी माणसं होती तशी नावं ठेवणारीही होती, हे नात्यांचा नकाशा काढायला घेतला की आपोआप पुढे येतं. सातवी-आठवीच्या वर्गाला दोन-तीन तासिका पुरतात. सामान म्हणजे चार्टपेपर, चिठ्ठ्या आणि स्केचपेन.

मधोमध सावित्रीबाईंचं नाव लिहा आणि गटागटाला चिठ्ठ्या वाटा. जोतीरावांना लहानपणी सांभाळणाऱ्या सगुणाबाई क्षीरसागर, अहमदनगरच्या शिक्षिका सिंथिया फरार, घर सोडावं लागल्यावर फुले दांपत्याला आसरा देणारे उस्मान शेख, सोबत शिकवणाऱ्या फातिमा शेख, १८४८ साली मुलींच्या शाळेला वाडा देणारे तात्यासाहेब भिडे, दत्तक मुलगा यशवंत. मुक्ता साळवेची चिठ्ठी विसरू नका. फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या या मुलीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. वर्गातल्या मुली सगळ्यात आधी हिच्याकडेच वळतात.

आता रेषा. खरी मेहनत इथे आहे, घाई करू नका. रेषेवर नुसतं ‘मदत’ लिहिलेलं चालवून घ्यायचं नाही. काय केलं ते लिहायचं: ‘राहायला घर दिलं’, ‘वाडा दिला’, ‘शिकवायचं कसं ते शिकवलं’. ज्याला लेखी पुरावा आहे त्याची रेषा अखंड, नुसतं ऐकीव असेल तर तुटक. मुलं यावर कडाकडा भांडतात. भांडू द्या.

मग सावित्रीबाईंचं एक पत्र वाचायला द्या. १० ऑक्टोबर १८५६ चं, नायगावहून जोतीरावांना लिहिलेलं. त्या आजारी पडून माहेरी गेल्या होत्या. भावाने त्यांची मनापासून शुश्रूषा केली. आणि त्याच भावाने, तुम्ही नवराबायको महारामांगांसाठी कामं करता, हे कुळाला बट्टा लावणारं आहे, अशा अर्थाचं सुनावलंही. सावित्रीबाईंनी त्याला तिथल्या तिथे उत्तर दिलं. आता भावाच्या रेषेला रंग कोणता द्यायचा? प्रेमाचा की विरोधाचा? बहुतेक गट थोडा वेळ अडतात आणि मग दोन रेषा काढतात. याच पत्रात आपल्या मागे फातिमाला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, असंही आहे. फातिमा शेख यांच्याविषयी लेखी पुरावे फार थोडे, म्हणून हे एक वाक्य मुलांना स्वतः शोधून काढू द्या, तुम्ही बोट दाखवू नका.

दुसऱ्या कागदावर मुलाने स्वतःचं नाव मधोमध लिहायचं आणि आपली माणसं मांडायची. नंतर दोन्ही नकाशांत सारखी वाटणारी एकच रेषा निवडून त्यावर पाच-सहा ओळी लिहायच्या. मी आजारी असताना माझं काम कोण ओढतं? माया करणारं पण माझं म्हणणं न पटणारं घरात कोण आहे? ‘मी सावित्रीबाई असते तर’ छापाच्या निबंधापेक्षा यातून कितीतरी खरं लिखाण येतं. मात्र हा कागद वर्गात मोठ्याने वाचायची सक्ती नको. कुणाचे वडील घर सोडून गेलेले असतात, कुणाला आजीनेच वाढवलेलं असतं. आईवडिलांऐवजी मित्र, शेजारी, क्लासच्या ताई लिहिल्या तरी चालेल. आणि जात विचारली जाईल असा प्रश्न चुकूनही घालू नका.

पुढच्या वेळी शिवाजी महाराज घ्यायचा मोह होईल. घ्या, पण सगळं चरित्र नको, कागद पुरणार नाही. १६६६ ची आग्र्याची भेट एवढीच घेतली तरी मिर्झाराजे जयसिंग आणि रामसिंग या बापलेकांच्या रेषांवर अख्खी तासिका जाते. पत्रं भरपूर हवी असतील तर आनंदीबाई जोशी घ्याव्यात. अमेरिकेतल्या रोझेल गावच्या थिओडोशिया कार्पेंटर यांच्याशी त्यांचं नातं आधी पत्रांतूनच जुळलं आणि १८८३ साली आनंदीबाई तिकडे गेल्या तेव्हा त्या याच कार्पेंटरबाईंच्या घरी उतरल्या. ज्यांची मावशी किंवा काका परदेशी आहेत आणि फोनवरच भेटतात, अशा मुलांना ही रेषा काढायला द्या.